साजिदाचं म्हणणं

आमचं घर सौदीतल्या यान्बू शहराच्या जुन्या भागात होतं, बंदरापासून चालत दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. समुद्र दिसायचा तो फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तोही समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांमधल्या फटीतून. वारा दक्षिणेकडून सुटला की रिफायनरीचा सडक्या अंड्यासारखा वास घरात भरायचा. अम्मी भराभर खिडक्या लावून घ्यायची आणि मग दिवसभर जुन्या एसीची घरघर तेवढी चालू राहायची. त्या घरघरीची आम्हाला इतकी सवय झाली होती, की वीज जाऊन एसी बंद पडला तरी थोडा वेळ आम्ही तिघं मोठ्यानंच बोलत असू. मग एकदम लक्षात यायचं आणि सगळे गप्प व्हायचे. अजान झाली की खालच्या बाजारात एकामागून एक शटरं ओढल्याचे आवाज यायचे. अम्मीचं घड्याळ तेच होतं. दुपारच्या शटरांना भात उतरायचा, संध्याकाळच्या शटरांना चहा. शुक्रवारी अब्बा मासळीबाजारातून येत आणि अम्मी पिशवीत डोकावून त्या तांबड्या समुद्रातल्या माशाला बेधडक कोकणातलं नाव देऊन टाकायची. अरबी नाव तिनं कधी विचारलं नाही. सुट्टीवरून येताना कपड्यांच्या घड्यांत लपेटून आणलेली कोकमं आणि तांदळाचा रवा वर्षभर पुरवून वापरायची. ईदला नारळाच्या दुधातली सांदणं व्हायची, ती इमारतीतल्या प्रत्येक दारी जायची.

अब्बा एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये होते. रक्त-लघवी तपासायचं काम. सौदीकरण हा शब्द आम्ही मुलं शाळेत शिकलो नाही, घरात ऐकत मोठी झालो. आज अमुक धंद्यात फक्त सौदी माणसं, उद्या तमुक. सुट्टी संपून वर्ग भरला की दोन-तीन बाकं रिकामी दिसायची आणि बाई हजेरीपटातली नावं पट्टी धरून खोडायच्या. अब्बांच्या हाताखालीही एक सौदी तरुण आला होता. आपण याला शिकवायचं आणि मग याला आपली जागा द्यायची, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ते त्याला मन लावून शिकवत. घरी येऊन सांगत, "आज त्याला मलेरिया बरोबर ओळखता आला." अम्मी ताट वाढायला उठायची.

अम्मी सातवी शिकलेली, तीही मराठी शाळेत. लग्न होऊन यान्बूला आली आणि मग अब्बांबरोबर बाहेर पडायची, अब्बांबरोबर परत यायची. अरबी म्हणजे तिला खलास, यल्ला आणि शुक्रान एवढंच. ऑफिसची पायरी तिनं कधी चढली नव्हती. मी मात्र खालच्या मजल्यावरच्या सौदी कुटुंबातल्या मुलींबरोबर चार वर्षांची असल्यापासून खेळत आले होते, त्यामुळे माझं अरबी बोलणं त्या गल्लीतलंच होतं. मराठी घरात, हिंदी शाळेच्या मैदानावर, इंग्लिश वर्गात आणि अरबी जिन्यात, अशी माझी वाटणी होती. हे सगळं मी पूर्वी कधी कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. आता एकटी असते, दुपारी झोप येत नाही, तेव्हा ते घर आठवतं आणि त्या घराबरोबर साजिदा आठवतेच.

तेव्हा मी अकरावीत होते. एके दिवशी सकाळी सरकारी इस्पितळातून अब्बांच्या दवाखान्यात फोन आला. मुलांच्या वॉर्डात सात वर्षांची एक हिंदुस्थानी मुलगी आणली आहे, ती बोलते ती भाषा कुणालाच कळत नाही. हिंदी नाही, मल्याळम नाही. तुमच्याकडे कुणी आहे का? अब्बांनी फोनवरच तिच्याशी दोन शब्द बोलून पाहिलं आणि ओळखलं, मुलगी श्रीवर्धनच्या बाजूची, आमच्याच कोकणी बोलीतली. बायकामुलांच्या वॉर्डात पुरुषाला बसू देत नसत. म्हणून अब्बा घरी आले आणि अम्मीला म्हणाले, "बुरखा घाल. तुला जावं लागेल." अम्मी म्हणाली, "मला? मी काय करणार तिथं?" अब्बा म्हणाले, "तिच्याशी बोल फक्त." अरबी बोलायला म्हणून मलाही बरोबर घेतलं.

झालं होतं ते असं. बाजारामागच्या एका इमारतीत जिन्यावरून पाणी वाहायला लागलं. रखवालदारानं वर जाऊन पाहिलं तर पाणी एका बंद खोलीच्या दाराखालून येत होतं. दाराला बाहेरून कुलूप. त्यानं कुलूप तोडलं. आत न्हाणीघरात नळ सुरू होता आणि भिंतीला टेकून ही मुलगी झोपली होती, की बेशुद्ध होती कुणास ठाऊक. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला. केसांत उवा, अंगावर मांस नाही. वजन केलं तर चार वर्षांच्या मुलाइतकं भरलं.

तिचा बाप इकबाल. त्याला आम्ही नावानं ओळखत होतो. भाजी मंडईत तराजूवर बसायचा. कोथिंबीर मागितली की जुडीबरोबर दोन मिरच्या टाकायचा. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी यान्बूतच आजारी पडून वारली होती. मग मंडईत परदेशी माणसं ठेवायची नाहीत असा हुकूम निघाला आणि इकबालचं काम गेलं. कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर तो त्या देशात होता त्या मालकानं, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे वाढवला नाही. बिनइकाम्याचा माणूस दिसला की पकडतात, म्हणून तो शहराबाहेर ट्रक धुण्याच्या जागी लपूनछपून कामाला जायचा, पहाटे फजरनंतर निघायचा, सूर्य मावळून मगरिब झाल्यावर यायचा. मुलीचाही इकामा त्याच्याबरोबरच गेलेला. शाळेत घालता येईना, गावी पाठवावं तर कागदांशिवाय विमानतळावर शिक्का मिळेना. म्हणून तो तिला खोलीत ठेवून, बाहेरून कुलूप लावून जायचा. दीड वर्ष असं चाललं होतं. शेजाऱ्यांना त्या खोलीत मूल आहे हेच ठाऊक नव्हतं.

इस्पितळात नूरा नावाची एक सौदी बाई होती. अशा मुलांची चौकशी करायचं काम तिच्याकडे. चेहऱ्यावर नकाब, हातात नेहमी एक निळी फाईल, बोलणं थोडं आणि भराभर. पहिल्या दिवशी ती मुलगी, साजिदा, अम्मीच्या मांडीवर बसून पेजेचे चार घास खाते हे तिनं दारातून पाहिलं आणि मला म्हणाली, "तुझ्या आईला विचार, ही मुलगी खटला उभा राहीपर्यंत तुमच्याकडे राहील का. आणि आईनं रोज पाहावं, ही काय खाते, काय बोलते, कशाला घाबरते. ते लिहून ठेवावं आणि काझीसमोर सांगावं. काझीपुढे बाप बोलेल, सरकार बोलेल. या मुलीच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी पाहिजे. याचं काही वेतन नाही, सक्तीही नाही."

मी हे अम्मीला सांगितलं. तिनं आधी अब्बांकडे पाहायला मान वळवली, पण अब्बा बाहेर व्हरांड्यात होते. मग साजिदाच्या तोंडाला लागलेली पेज पुसत म्हणाली, "मराठीत लिहिलेलं चालेल का विचार."

चाललं. मी भाषांतर करायचं आणि नूरानं ते तपासायचं असं ठरलं.

साजिदा आमच्याकडे सात आठवडे राहिली. माझ्या खोलीत, माझ्याच गादीवर. पहिले काही दिवस ती कुठे आहे ते शोधावं लागायचं, इतका तिचा आवाज नसायचा. ती चालायची ती भिंतीच्या कडेनं. दाराची बेल वाजली की नाहीशी व्हायची. एकदा वीज गेली, एसी बंद पडला आणि नेहमीप्रमाणे मी आणि अम्मी मोठ्यानं बोलत राहिलो, तर ती धावत येऊन दोघींच्या तोंडावर हात ठेवायला लागली. अम्मीनं रात्रीची भांडी आवरली की माझ्या जुन्या शाळेच्या वहीत लिहायला बसायचं. अक्षर मोठं, ओळी सरळ. "आज दोन भाकऱ्या खाल्ल्या. एक उशीखाली ठेवली. मी ती काढली नाही." "उवा गेल्या. केस विंचरताना माझा हात धरून ठेवते." "टीव्ही लावला तर आवाज बंद करून बघते." मी पुढे आयुष्यात वकिलांनी, डॉक्टरांनी, साहेबांनी लिहिलेले पुष्कळ अहवाल वाचले. सातवी पास बाईच्या त्या ओळींत जेवढं होतं तेवढं फार थोड्यांत सापडलं.

पोलिसांनी पकडलेल्या इकबालला अब्बांनी स्वतः जामीन राहून सोडवलं होतं आणि दर शुक्रवारी नमाजानंतर त्याला मुलीला भेटायची परवानगी होती. तो यायचा, सोफ्याच्या अगदी काठावर बसायचा. इस्त्री केलेला एकच सदरा, दर वेळी तोच. साजिदा त्याच्या मांडीवर चढून बसायची आणि तो खिशातून कंगवा काढून तिचे केस विंचरायचा. तिच्या आईसारखी बारीक वेणी घालायचा. या माणसाचा राग यावा असं मला फार वाटायचं आणि येत नसे. जाताना दारात तो अम्मीला म्हणायचा, "भाभी, तुम्ही सांगितलंत तर काझी ऐकेल. एवढीच आहे मला. एकदा चूक झाली म्हणा."

अम्मी म्हणायची, "इकबालभाई, जेवून जा."

आणि तो गेला की साजिदा दारापाशी उभी राहून तेच म्हणायची, जे ती रोज सकाळी उठल्याबरोबर आणि रोज झोपताना म्हणायची, "मना बाबांकडं जावचा हाय." रडून नाही. एखाद्यानं आपलं नाव सांगावं तसं.

खटल्याच्या आदल्या आठवड्यात मी वहीचं भाषांतर संपवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे एक वाक्य वहीत कुठेच नाही. भाकरी होती, उशी होती, बेल होती. हे नव्हतं. अम्मी तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "अम्मी, ती रोज म्हणते बाबांकडे जायचंय. ते का नाही लिहिलंस?"

"राहिलं."

"राहिलं कसं? रोज म्हणते."

अम्मीनं ताट बाजूला ठेवलं. "लिहिलं तर तिला परत देतील. काझी म्हणेल, बाप पण मागतो, मुलगी पण मागते, मग आपण कोण. आणि मग ती त्या खोलीत जाईल. तुला पाहिजे का ती त्या खोलीत जायला?"

"पण तिच्या बाजूनं बोलायचं म्हणून तुला नेमलंय ना? मग तिचं म्हणणं..."

"सात वर्षांची आहे ती, जुबी. तिला काय कळतं आपल्या भल्याचं."

मी सोळा वर्षांची होते. मला सगळं कळतं असं तेव्हा मला वाटायचं. मला ते पटलं नाही. आज मला अम्मीचं म्हणणं पटतं का? अर्धं पटतं. पुढे जिल्ह्याच्या कोर्टात अशा मुलांबरोबर बसायचं काम मीही पुष्कळ वर्षं केलं, बिनपगारीच, आणि दर वेळी मूल एक सांगायचं आणि मला दुसरंच योग्य वाटायचं, तेव्हा तांदळाच्या ताटापुढे बसलेली अम्मी माझ्या डोळ्यांपुढे यायची.

महकमा म्हणजे कोर्ट. मी सिनेमातल्यासारखं काही समजून गेले होते. निघाली एक साधी खोली, जाड गालिचा, भिंतीकडेनं सोफे, टेबलावर कहव्याचा थर्मास आणि ऊदाचा वास. काझी म्हातारे होते, पांढरी दाढी, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. एका बाजूला इकबाल आणि अब्बा, दुसऱ्या बाजूला आम्ही बायका, म्हणजे अम्मी, नूरा आणि मी. साजिदा बाहेर एका नर्सजवळ. कोर्टाचा दुभाष्या हैदराबादकडचा, वयस्क, चष्मेवाला. त्याला उर्दू आणि अरबी उत्तम येत होतं.

इकबाल आधी बोलला. बायको वारल्याचं, काम गेल्याचं, कागद संपल्याचं. काहीही लपवलं नाही, फक्त पुन्हा पुन्हा म्हणाला, "मी तिला कधी हात लावला नाही." मग काझींनी नूराची निळी फाईल वाचली, अम्मीची वही उलटून पाहिली. मराठी अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग दुभाष्याला म्हणाले, "या बाईंना विचार, मुलगी स्वतः काय म्हणते?"

दुभाष्यानं विचारलं. अम्मीनं बुरख्याची कड मुठीत धरली होती. ती हिंदीत म्हणाली, "छोटी है. कुछ नहीं बोलती."

दुभाष्यानं ते अरबीत सांगितलं. काझींनी मान हलवली आणि पान उलटलं.

मी बोलायचं ठरवलं होतं असं नाही. माझ्या तोंडून ते गल्लीतल्या अरबीत निघून गेलं, "ती बोलते, शेख. रोज बोलते. तिला वडिलांकडे जायचंय."

काझींनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते टेबलाकडेच पाहत होते. त्यांनी विचारलं, "ही कोण?" नूरा म्हणाली, "या बाईंची मुलगी." अम्मीला अरबी कळत नव्हतं, पण 'अब्बा'शी जुळणारा वडिलांचा शब्द कळला. तिनं माझा हात पकडला, घट्ट. नखं रुतली. समोर इकबालनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी आशा होती, की मला वाटलं, मी बरोबर केलं.

काझी म्हणाले, "मग मुलीलाच बोलवा."

साजिदाला आत आणलं. माझा लहानपणचा निळा फ्रॉक तिच्या अंगात होता, हाताला पट्टी. बापाला पाहून ती हसली, पण त्याच्याकडे धावली नाही. नीट उभं राहायचं असतं हे तिला कुणी न सांगता कळलं होतं. काझींनी टेबलावरच्या ताटलीतला खजूर तिच्या हातात दिला. तिनं तो मुठीत धरून ठेवला. दुभाष्यानं उर्दूत काहीतरी विचारलं, तिनं आमच्या बोलीत उत्तर दिलं, दुभाष्यानं खांदे उडवले. काझी माझ्या दिशेनं म्हणाले, "तू सांग. जसं ती बोलते तसंच. तुझं काही घालू नको."

"वडील मारतात?"

"नाय. बाबा मना कवाच मारत नाय."

मी सांगितलं.

"दिवसा घरी कोण असतं?"

"कोन नाय. मीच असतंय."

मी सांगितलं.

"एकटीला भीती नाही वाटत?"

साजिदानं बापाकडे पाहिलं, मग काझींकडे. हा प्रश्न आपल्याला चांगला येतो असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती ताठ उभी राहिली आणि एकेक करून सांगायला लागली. मी बत्ती लावत नाही. नळ हळू सोडते. दार वाजलं तर पलंगाखाली जाते आणि शंभर मोजते, शंभर येत नाहीत म्हणून वीस पाच वेळा मोजते. मी एकेक वाक्य अरबीत करत होते. ती मधेच थांबून माझं संपायची वाट पाहायची आणि पुढचं सांगायची. ही आपल्या बापाची बाजू मांडते आहे, आपण किती शहाण्यासारखं वागतो, आपला कुणाला त्रास होत नाही, मग आपल्याला त्याच्याकडे ठेवायला काय हरकत आहे हे पटवून देते आहे, हे मला कळत होतं. तिला तेवढंच पाहिजे होतं. आणि तिच्या प्रत्येक वाक्याबरोबर ते दूर जात होतं, हेही मला कळायला लागलं होतं.

"भूक लागली म्हनून तवा ठेवला, तवा हात भाजला. पन मी रडली नाय. बाबा येतील म्हनून नळाखाली धरून बसली." मग जरा थांबून, सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी सांगावी तशी म्हणाली, "आनि खोकला आला तर आईची ओढनी तोंडात कोंबतंय. मी खोकत पन नाय."

मी पहिला भाग सांगितला. दुसऱ्याला अडले. कोंबणं याला अरबी शब्द मला येत नव्हता. त्या क्षणी मी नुसतं "ती शांत राहते" असं म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? दुभाष्याला आमची बोली येत नव्हती. अम्मीला अरबी येत नव्हतं. दोन्ही भाषा कळणारे त्या खोलीत अब्बा आणि इकबाल होते, आणि ते बोलले नसते. मी साजिदाकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. मी माझ्या ओढणीचं टोक गोळा केलं आणि स्वतःच्या तोंडात घातलं, आणि बोटानं साजिदा दाखवली.

काझींनी हातातला पेला खाली ठेवला. मग इकबालला म्हणाले, "हे तू शिकवलंस?"

इकबाल उठून म्हणाला, "पकडतील म्हणून, शेख." आणि खाली बसला. त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

निकाल काझींनी घरातली एखादी व्यवस्था सांगावी इतक्या हळू आवाजात सांगितला. मुलीनं तिच्या मावशीकडे जावं, श्रीवर्धनजवळ गावी. कोर्टाच्या हुकुमानं तिचे कागद व्हावेत. या बाईंनी तिला स्वतः पोचवावं. बापाला तुरुंगात ठेवण्यात अर्थ नाही, इकाम्याची कारवाई पुरी झाली की त्यालाही त्याच्या मुलखात पाठवावं. मूल पुन्हा त्याच्या एकट्याच्या हवाली करू नये. नूरानं लिहून घेतलं. दुभाष्यानं इकबालला उर्दूत समजावलं, खरं तर त्याला कळलं होतं.

बाहेर व्हरांड्यात साजिदानं माझं बोट धरलं. खजूर अजून मुठीत होता, चिकट झालेला. "जुबी, मी बराबर बोलली ना?"

मी म्हटलं, "हो."

"मंग बाबा कवा येतील न्यायला?"

"कागद व्हायचेत अजून," मी म्हटलं. त्या देशात मोठी माणसं लहानांना हेच सांगत. मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

घरी आल्यावर अम्मीनं भात टाकला, मासे तळले, साजिदाला भरवलं, झोपवलं. मग माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं, आता रागावेल. ती म्हणाली, "मी खोटं बोलले. तू खरं बोललीस. झालं मात्र मला पाहिजे होतं तेच. मग तुझं तोंड का उतरलंय?"

अम्मीनं वही मागितली. पहिल्या पानावर, पहिल्या दिवसाच्या ओळींच्या वर थोडी जागा होती, तिथं तिनं आपल्या मोठ्या अक्षरात लिहिलं, "साजिदाला बाबांकडे जायचं आहे." मग मला म्हणाली, "हेही अरबीत कर आणि नूराला दे. उशीर झालाय, पण फाईलमध्ये असू दे."

अम्मी साजिदाला घेऊन जेद्दाहहून विमानानं गेली आणि दहा दिवसांनी एकटी परत आली. काय झालं हे तिनं एवढंच सांगितलं, की मुलगी मावशीच्या दारात उभी राहून कुलूप कुठे आहे ते शोधत होती. त्यानंतरच्या दीड वर्षात नूराचे फोन येत राहिले आणि अम्मीनं आणखी तीन मुलांसाठी वह्या लिहिल्या. त्या वह्यांत मुलांचं म्हणणं पहिल्या पानावर असायचं आणि तिचं स्वतःचं शेवटच्या. मग अब्बांच्या खुर्चीवर तो सौदी तरुण बसला आणि आम्हीही आमचं सामान बांधलं. निरोपाला तो घरी आला होता, मिठाई घेऊन. अब्बांच्या हाताचं चुंबन घेऊन गेला.

इकबाल सहा-सात महिन्यांनी गावी पोचला. मावशीनं काझींचा शब्द पाळला, मुलगी त्याच्या हवाली केली नाही, पण समोरच्या आळीत त्याला खोली पाहून दिली. तो रोज तिला शाळेत सोडायला जायचा आणि आणायला जायचा, वेणीही तोच घालायचा असं कळलं. ती दहावीला असताना तो वारला.

साजिदाची आणि माझी गाठ पडली ती फार वर्षांनी, पनवेलला एका लग्नात. तिनंच मला ओळखलं. दुसऱ्या दिवशी घरी जेवायला बोलावलं. दोन मुलं, नवरा दुकानात, स्वच्छ छोटं घर. बोली गेली होती, ती आता माझ्यासारखंच मराठी बोलत होती. जेवण वाढायच्या आधी ती समोर बसली आणि म्हणाली, "आपा, एक विचारू? रागावू नका. मला कोर्टातलं काही आठवत नाही. तुमच्या अम्मीनं त्या दिवशी तिथं काय सांगितलं हो? बाबांना मी पुष्कळदा विचारलं. ते म्हणायचे, जाऊ दे."

अम्मी तोवर गेली होती. मी म्हणू शकले असते, की मला आठवत नाही. मी तिला सगळं सांगितलं. अम्मी काय म्हणाली ते, मी मधे काय बोलले ते, काझींनी तिला बोलावलं ते. मग तिची स्वतःची वाक्यं, एकेक, तिच्याच बोलीत, जशी होती तशी. शेवटी ओढणीचं सांगितलं. आत कुकरची शिटी झाली.

"म्हणजे ते मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो. तूच सांगितलंस. मी फक्त अरबीत केलं."

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. डाव्या हातावरची कातडी अजून वेगळी दिसत होती. मग म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटायचं, मला कुणी विचारलंच नाही."

आणि गॅस बंद करायला ती आत गेली.